काक्षीवरची धूळ

प्रिय मेरुएर्त, माझ्या उंटाच्या पिल्ला,

पत्र ताऱ्यापासून सुरू होतंय म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. आपल्या लोकांत वाईट बातमी तोंडावर सांगत नाहीत, गोष्टीच्या आडवळणानं सांगतात, हे मला ठाऊक आहे. पण कुणी गेलेलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे. आत्ताच चहात मीठ जास्त पडलं ते स्वतःच्याच हातून, आणि डाफरली माझ्यावर. घाबरलोय तो मी. मृगातल्या तीन रानमेंढ्यांच्या डोक्यावरचा माझा लाल तारा, काक्षी, मंद झालाय.

करोनाच्या साथीच्या आधीची ती थंडी आठवते? तेव्हाही तो असाच काळवंडला होता. आता फुटणार म्हणून मी जेवण टाकलं होतं. मग वेधशाळेतल्या लोकांनी समजावलं: ताऱ्यानं स्वतःच्याच अंगातून तापलेल्या वायूचा लोट बाहेर टाकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि तिनं त्याचं तोंड झाकलं. धूळ पांगली, तारा पुन्हा उजळला. आता तर म्हणतात, त्याला एक लहानगा जोडीदारही आहे, अगदी अंगाला चिकटून फिरणारा. याच्या झगमगाटात तो इतकी वर्षं कुणाला दिसलाच नाही. ऐकून तुझी आई म्हणाली, "बघा, तिथंही बायकोकडे कुणाचं लक्ष नाही!"

यंदाही धूळच असेल, असं मी मनाला समजावत होतो. शेजारचा बेइसेन कुंपणावरून ओरडला, "अरे झुमाकेल्दी, त्याचा उजेड इथं पोचायला शेकडो वर्षं लागतात म्हणतोस ना? मग विझला असेल तर तुझ्या खापरपणजोबाच्याही आधी! चल, मेंढ्या आत घे." हसलो, आणि पुन्हा वर बघू लागलो.

ताऱ्याचं तेज जोखायला मीच तुला शिकवलंय: एकटा तारा बघायचा नाही, शेजारच्याशी ताडून बघायचा. मी रोहिणीशी ताडला. काक्षी तिच्याहून नेहमी जितका उजळ असतो, तितकाच उजळ. म्हणजे दोघंही मंद झाले होते. मी तुझ्या आईला हाक मारली, "आभाळ गढूळ आहे का गं?" ती म्हणाली, "छे! भाजलेल्या दाण्यांसारखे तारे सांडलेत नुसते." मला चार-दोनच दिसत होते. घरात आलो तर दिव्याभोवती रंगीत कडं.

अल्माटीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. धूळ असती तर पांगली असती, पोरी. यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायला मार्चमधल्या नवरोजनंतर ऑपरेशन आहे, पण त्याचीही हमी त्या देत नाहीत. आई म्हणाली होती, "लेकीला सरळ लिहा." नाही जमलं. तुझा येर्मुखान जन्मल्यापासून मी त्याला फोनच्या पडद्यावरच पाहिलाय. त्याला घेऊन नवरोजच्या आधी ये. दिवसाउजेडी ये. तू त्याला खिडकीपाशी धर, मी अगदी जवळ बसेन.

तुझाच बाप,
आके