पिवळ्या फुलांचं गाणं कोणाचं

त्लातेलोल्को, ४ मार्च १५८२

ती. लुसियाताईस,
गास्पारचा सा. नमस्कार. वि. वि.

मी ठीक आहे असं लिहितो, पण जिवाला चैन नाही. मठात जुन्या गाण्यांची वही लिहून घेतो आहे, तीत मी बाबा गातात ते पिवळ्या फुलांचं गाणं उतरवलं. हे आमच्या आजोबांचं, स्पॅनिश लोक यायच्या आधीचं, असं पाद्रीबुवांना मोठ्या तोंडाने सांगितलंही. आता वरून हुकूम आला आहे. बाप्तिस्म्याआधीची गाणी वेगळी काढायची, आणि ती गाणाऱ्यांची चौकशी करायची. गाण्यातला 'जगवणारा' म्हणजे कोणता देव, असं पाद्रीबुवांनी मला दोनदा विचारलं. मी चर्चमधलाच म्हणालो.

आजोबांनी ते नक्की कधी रचलं, हे बाबांना हळूच विचार. गुरुवारी मला साल सांगायचं आहे. चौकशीचं मात्र कळू देऊ नकोस. टोमणे मागाहून मार, आधी उत्तर पाठव.

तुझ्या मायेचा भुकेला,
गास्पार

अस्कापोत्साल्को, ६ मार्च

चि. गास्पार यास अनेक आशीर्वाद.

आधी उत्तर. ते गाणं आजोबांचं नाहीच.

चौकशीचं लपवायला गेले, पण बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. आधी खूप चिडले. मग मक्याची लापशी बाजूला सारून म्हणाले, "ते तुझ्या आईचं आहे."

पंचेचाळीस सालच्या मोठ्या साथीत आपला आठ महिन्यांचा भाऊ गेला. तू तेव्हा जन्मायचा होतास. त्या दिवसांत मागावर बसल्या बसल्या आईने ते रचलं. बायकोचं म्हणून चौकात गायलं असतं तर सरदार हसले असते, म्हणून बाबांनी आपल्या वडिलांचं नाव लावलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, मग मागे घेता येईना. आई मरेपर्यंत एका शब्दाने बोलली नाही.

तोवर आईबाबांचा बाप्तिस्मा झाला होता, म्हणजे गाणं बाप्तिस्म्यानंतरचं. पण तू बढाई मारलीस, हे तुलाच कबूल करावं लागेल. बाबा स्वतः यायचं म्हणतात. गुडघे धड नाहीत आणि होडी शोधताहेत. माझ्याने ते आवरत नाहीत. जपून राहा.

तुझी काळजी वाहणारी,
लुसिया

त्लातेलोल्को, ९ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

बाबा सुखरूप आहेत. चौकशी टळली.

मी सांगितलं ते खोटं होतं, हे काल सगळ्यांसमोर कबूल केलं. पाद्रीबुवांनी मला गाण्यांवरून काढून प्रार्थनेच्या पानांवर रेघा मारायला बसवलं. आजोबांचं नाव खोडलं. आईचं घाला म्हणालो, तर बायका गाणी रचत नाहीत म्हणाले. मी वाद घातला, आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी त्यांनी लिहिलं: नवं गाणं, कर्ता माहीत नाही.

इतक्यात बाबा दारात आले. त्यांनी ते पान वाचून दाखवायला लावलं. मग भिंतीला टेकून सगळ्या लेखनिकांसमोर म्हणाले, "हे माझ्या बायकोचं. इनेस शोकोचं." आणि अख्खं गाणं गायले. आवाज फाटत होता, तरी थांबले नाहीत.

वहीची दुसरी प्रत आमच्यातले म्हातारे लेखनिक मेल्चोर उतरवताहेत. बाबा निघताना मेल्चोरांनी लेखणी शाईत बुडवली आणि बाबांना आईचं नाव पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं.

त्यांनी काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.

आहे तशी माया राहू दे,
गास्पार