दाराच्या पॅडमागे

अप्पा,

माझ्या गाडीतला कंपनीचा डेक अखेर गेला. आधी काही महिने आवाज मध्येच बसायचा, मग स्टिअरिंगवरची बटणं ऐकेनाशी झाली, आणि एक दिवस कळंबोलीच्या सिग्नलला बातम्या चालू असताना त्याने एकदा खर्र केलं आणि तो कायमचा गप्प झाला. शोरूमवाले म्हणाले, "मॅडम, या मॉडेलचा पार्ट आता येत नाही." बाहेरचा बसवायचा तर डॅशबोर्डची मधली अख्खी पट्टी बदलायला हवी, कारण हा डेक त्यात ओतून बसवल्यासारखा आहे. हे सगळं तुम्ही दुकानात उभे राहून सांगताना मी कितीदा ऐकलंय. "कंपनीचा टेप म्हणजे जावई. एकदा आला की काढता येत नाही, आणि बिघडला तरी त्याच्याशी गोडच बोलावं लागतं." गिऱ्हाईक हसायचं, साधं मॉडेल बुक करायचं आणि गाडी ताब्यात मिळाली की थेट आपल्याकडे यायचं. अख्ख्या पनवेलला तुम्ही हे सांगितलंत. मला एकटीला तेवढं उलटं सांगितलंत.

जुन्या हायवेवरच्या आपल्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तरी मी तिथून गेले की मला तो वास येतोच, नव्या रेक्झिनचा, सोल्डरिंगचा आणि तुमच्या कपात गार होऊन गेलेल्या चहाचा. आणि मी पुन्हा कॉलेजातली होते, कॉलेज सुटलं की घरी न जाता तिथेच येते. तुम्ही डॅशबोर्डखाली आडवे, फक्त पाय बाहेर, आणि पायानेच मला खूण करता की स्टुलावर बस. कुवेतहून सुट्टीवर आलेले एक चाचा टॉवेलात गुंडाळलेला डेक बाळासारखा उघडून दाखवतायत, "शेठ, तिकडून जपून आणलाय, आता दुआ करा की आपल्या गाडीत बसंल." ओवे गावचा एक जण नव्या जीपला टेकून उभा आहे. जमिनीचे पैसे नुकतेच आलेत आणि त्याला धीर नाही. "शेठ, गाडी मागून आली तरी चालंल, गाना पयला गावान पोचला पायजे." तुम्ही डॅशबोर्डखालूनच म्हणता, "गावात मी पोचवतो. पण मागे तुमची आई बसणार ना? तिचं डोकं उठलं तर ती तुम्हाला जेवायला घालणार नाही." त्यावर तो धडधडणारा वूफर लहान घेतो.

ही मागची सीट म्हणजे तुमचा कायदा होता. काम झालं की गिऱ्हाइकाला आधी पुढे बसू द्यायचं नाही. आधी मी मागे बसायचं, काचा वर, इंजिन चालू, आणि तुम्ही बाहेरून काचेवर बोट वाजवून विचारायचं, "शब्द कळतात का?" धडधड सगळ्यांनाच कळते, शब्द कळले पाहिजेत, असं तुमचं म्हणणं. गाडी चालवणारा आपल्यापुरतं ऐकतो. मागे आई असते, बायको असते, म्हातारे वडील असतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. मी "डावा स्पीकर फुटतोय" म्हटलं की तुम्ही भर गिऱ्हाइकासमोर दाराचं पॅड, म्हणजे स्पीकरवरचं आतलं झाकण, पुन्हा उघडायचात आणि वर सांगायचात, "हिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे." पुढे पॅड उघडायलाही मला शिकवलंत. आतल्या पत्र्याला काळं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवायचं म्हणजे दार थरथरत नाही, आणि फेल्टचे कोपरे गोल कापायचे म्हणजे ते उन्हाळ्यात उचलत नाही. सगळी दुनिया चौकोनी कापायची, आपण गोल. "तुझी गाडी येऊ दे," असं तुम्ही फेल्ट कापता कापता म्हणायचात, "मग दाखवतो काय असतं ते." हे मी खरं मानलं होतं, अप्पा. माझ्या गाडीचं स्वप्न मी चाकांपासून नाही, आवाजापासून पाहिलं होतं.

आणि मग तो शोरूममधला दिवस. माझं लग्न ठरलेलं. बेलापूरच्या नोकरीच्या जोरावर मी कर्ज काढलंय, गाडी माझ्या नावावर होणार आहे, तुम्ही आहात, आणि होणारे सासरेही सोबत म्हणून आलेत. सेल्समन टॉप मॉडेलचं दार उघडून कंपनीची खास सिस्टीम वाजवून दाखवतोय, सहा स्पीकर, स्टिअरिंगवर बटणं. मी मागच्या सीटवर बसून ऐकते आणि मला शब्द कळत नाहीत. नुसता गोडगोड चिखल. मी बाहेर येऊन म्हणते, साधं मॉडेल द्या, म्युझिक आम्ही आमचं बसवू. सासरे तुमच्याकडे वळून चांगल्या मनाने म्हणतात, "तुम्ही तर यातलेच. तुम्ही सांगाल ते." मी तुमच्याकडे बघते. आता जावयाचा विनोद येणार म्हणून मला आधीच हसू फुटतंय. आणि तुम्ही हात मागे बांधून, सेल्समनपेक्षाही हळू आवाजात म्हणता, "कंपनीचंच बरं. वॉरंटी असते. आमचं काय, बाहेरचं काम. जोडाजोडी."

जोडाजोडी. ज्या कामासाठी उरणपासून माणसं यायची, त्या कामाला तुम्ही तिथल्या गुळगुळीत फरशीवर उभे राहून जोडाजोडी म्हणालात. आणि ते काम एकट्या तुमचं नव्हतं. त्यात माझा कान होता, माझ्या कॉलेजची सगळी वर्षं होती. तुम्ही स्वतःला लहान करून घेतलंत ती तुमची मर्जी, पण मला न विचारता मलाही त्यात ओढलंत.

टॉप मॉडेलच बुक झालं. परतताना स्कूटरवर मी मागे बसून ओरडत होते. "कपलर येतो ना अप्पा! एक वायर कापावी लागत नाही. वॉरंटीला काय होतंय? तुम्हीच सांगता ना लोकांना?"  आपल्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही स्कूटर थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "अगं, गाडी उद्या त्यांच्या दारात उभी राहणार. साधा एसी बंद पडला तरी म्हणतील, मुलीच्या बापाने वायरी उपटल्या होत्या. तुला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"म्हणू देत. मी देईन उत्तर."

"तुला नाही कळायचं ते," असं म्हणून तुम्ही स्कूटर चालू केलीत. गाडी कुठे उभी राहणार, हे तुम्ही मला विचारलं नाहीत. माझ्या पैशांची गाडी माझ्या दारात उभी राहील, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. राग मला स्टीरिओचा नव्हता. गिऱ्हाइकाची आई मागे बसते म्हणून तिला विचारणारा माणूस मला विचारायला विसरला, राग त्याचा होता. आणि गंमत ऐका. सासरच्यांनी आजपर्यंत त्या गाडीवरून एक शब्द काढलेला नाही. उलट सासरे एकदा खोपोलीला जाताना सहज म्हणाले, "तुझ्या वडिलांनी बसवलं असतं तर जरा मजा आली असती." 

तरीही हे मी गिळलं असतं. भीती समजते. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत भावाने गाडी घेतली, तेच मॉडेल, साधं. आणि तुम्ही त्यात जीव ओतलात. रविवारी शटर अर्धं खाली ओढून चारही दारं उघडलीत, मागच्या पत्र्यापर्यंत फेल्ट केलंत, कुवेतवाल्या चाचांकडून खास डेक मागवलात. त्याला गाण्यांचं काही नाही हो. तो त्यावर क्रिकेटची कॉमेंटरी ऐकतो. आणि वर तुम्ही मला फोन केलात, "येऊन जा. तू ऐकल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही." मी आले. साडी सावरत मागच्या सीटवर बसले, काचा वर, आणि तुम्ही बोट वाजवलंत. अप्पा, तुमच्या हातून तेवढं चांगलं काम कधीच झालं नव्हतं. गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला तेसुद्धा कळत होतं. ते सगळं माझं होतं, मला सांगून ठेवलेलं, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून मी त्याला पास करत होते. "शब्द कळतात का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कळतात. तुम्ही इतके खूश होतात की माझ्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही माझी गाडी मागून घेतलीत. सीट कव्हरं घालून देतो म्हणालात. अर्ध्या दिवसाचं काम, तुम्ही दोन दिवस ठेवलीत. गाडी परत आली तेव्हा दार लावताना मला वाटलं, आवाज वेगळा येतोय, जरा जड, जरा भरीव. आणि महिन्याभरात तुम्ही गेलात. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. ओरडायचं होतं, भांडायचं होतं, ते राहिलं. मग मी त्या दाराचा आधार घेतला. मनाशी ठरवून टाकलं की त्या दोन दिवसांत तुम्ही गुपचूप पॅड उघडून आत फेल्ट लावलंय. वायरीला हात नाही, वॉरंटीला धक्का नाही, सासरी कोणाला पत्ता नाही, आणि तरी तुमचा हात माझ्या गाडीत आहे. हे फक्त आईला सांगितलं. आई म्हणाली, "करतील. त्यांचं तसंच असतं. तोंडाने नाही बोलायचे." इतकी वर्षं मी ती गाडी विकली नाही. नवरा चिडवायचा, मी सबबी सांगायचे. पॅड उघडून बघायची हिंमत मात्र केली नाही.

शनिवारी रोडपालीच्या एका स्टीरिओवाल्याने उघडलं. त्याच्यासाठी रोजचंच काम, त्याने खटाखट क्लिपा काढल्या आणि पॅड बाजूला ठेवलं. मी त्याला सरकायला सांगून स्वतः वाकून बघितलं. कंपनीने फॅक्टरीत चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा जसाच्या तसा होता. एक कोपरासुद्धा कोणी उचललेला नव्हता, फेल्ट तर दूरच. मी म्हटलं, दुसरं दार उघडा. मग मागची दोन्ही. तो वैतागला. "ताई, सगळी सेमच असणार. कोनी हातच लावलेला नाय याला." बरोबर होतं त्याचं. कोणी हातच लावला नव्हता. दोन दिवस तुम्ही फक्त सीट कव्हरं घातलीत. कदाचित शिलाईवाला आला नसेल. कदाचित गिऱ्हाइकांची गर्दी असेल. मी त्याच्या दुकानात उभी राहून रडले, आणि तो बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, नवीन टाकून देतो ना, चांगला बसंल."

बसवा म्हटलं. कंपनीचं काहीच नको, सगळं बाहेरचं. फेल्टची शीट मात्र त्याच्याकडून मागून घेतली आणि स्वतः कापली, बाकड्यावर बसून, चारही दारांची. त्याने विचारलं, कोपरे का कापता, माल वाया जातो. मी सांगितलं, उन्हात उचलत नाही. काम झाल्यावर त्याला पुढे बसवलं आणि मी मागे बसले. बोट वाजवायला कोणी नव्हतं. शब्द कळत होते. तुमच्या त्या रविवारच्या कामाइतके नाही, पण कळत होते.

घरी पोचते न पोचते तोच आईचा फोन. तिला मी सकाळी बोलून बसले होते की आज दारं उघडणार. आता तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती फोनवर ओरडते. "काय गं, सापडलं का?" मी म्हटलं, "हो आई. चारही दारांना फेल्ट आहे. काळं. कोपरे गोल कापलेले."  ती एकदम हळू आवाजात, जणू तुम्ही शेजारच्या खोलीत झोपला आहात, म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, गाडीच्या कप्प्यात राहील. माझा राग गेलेला नाही, आणि तुम्ही नसल्यामुळे तो जाणारही नाही, हेही सांगून ठेवते. पण आई कधीतरी तिकडे येईल आणि पहिल्यांदा तुम्हाला त्या फेल्टचंच विचारेल. तेव्हा हो म्हणा, अप्पा. शोरूममध्ये चार लोकांसमोर खोटं बोललात, आता एकदा माझ्या बाजूने बोला.