भाकरीची कड

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, सोलापूर
मार्गशीर्ष, सन १९२८

राजमान्य राजश्री संगप्पा मेहुणे, मुक्काम अक्कलकोट, यांस गुरुसिद्धप्पाचे शरणार्थ. आपली, मुलाबाळांची आणि सासूबाईंची प्रकृती उत्तम असावी. थंडीनं सासूबाईंचा दमा उचलला असेल तर आलं-गूळ द्यावा आणि तुमच्या गल्लीतल्या त्या वैद्याला उंबरा ओलांडू देऊ नये. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य आमच्या घरून फार जातं. त्याविषयी पुढे येईलच.)

पत्रास कारण तुमचा भाचा शिवयोगी. तो पुण्याच्या कॉलेजात गेल्यापासून मला एक कुतूहल लागून राहिलंय, की तिथं दिवसभर करतात तरी काय. दुकानात बसलं की संध्याकाळी ज्वारीचं पोतं किती खाली गेलं ते दिसतं. कॉलेजात बसून काय कमी होतं नि काय वाढतं, हे मला कुणी सांगेना. म्हणून मी रीत अशी ठेवली, की इथून कुणी पुण्याला निघालं, मग ते लग्नाला असो की कोर्टाच्या तारखेला, त्याच्या हाती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं द्यायचं आणि बजावायचं, पोराला डोळ्यांनी बघून ये. कल्लप्पा येऊन म्हणाला, पोरगं पार वाळलंय. कुंडलिक म्हणाला, गालावर मांस चढलंय. (दोघं एकाच दिवशी गेले होते.) मंद्रूपच्या रावजीनं सांगितलं, तब्येतीचं ध्यानात नाही, पण भांग बाजूला पाडतो. यावर तुमच्या बहिणीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून शिवयोगी परत गेला आणि पुढं त्याची पत्रं एकाएकी बंद झाली. मी लिहिलं, उत्तर नाही. गाठोडं धाडलं, पोचल्याचा निरोप नाही. मेहुणे, तुमच्यापासून काय लपवू, मला भीती वाटली. वाटलं, पोरगं आता आपल्याला लाजायला लागलं. बाजूचा भांग तर मी ऐकूनच होतो. शेवटी दुकानाला कुलूप लावलं, गाठोडं घेतलं आणि स्वतःच पुण्याच्या गाडीत बसलो.

शिवयोगी वर्गात आहे असं कळलं, तेव्हा मीही जाऊन मागच्या बाकावर बसलो. (कुणी अडवलं नाही. रुमाल बांधलेला, उपरणं घेतलेला माणूस म्हणजे कुठला तरी शास्त्री असावा, असं त्यांना वाटलं असेल.) मास्तर इंग्रजीत बोलत होते. शेजारच्या पोरानं माझ्या कानात मराठी करून सांगितलं, की सगळी माणसं मरतात, अमका माणूस आहे, म्हणून अमका मरणार. एवढ्यासाठी सबंध तास. मध्येच मला वाटलं, अमक्याला सोडतील. पण नाही, शेवटी तो मेलाच. पोरं खाली माना घालून लिहून घेत होती. मी मनात म्हटलं, ह्यासाठी पुण्याला कशाला यायला हवं होतं? आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तास सुटल्यावर शिवयोगीनं मला बघितलं. पाया पडला, खोलीवर घेऊन गेला. बोलणं मात्र अगदी पुणेरी. प्रवास कसा झाला, आपण चहा घ्याल का. आपण! मी खाटेवर अवघडून बसलो आणि गाठोडं पुढं केलं. त्यानं ते सोडलं, वरची भाकरी उचलली आणि तिच्या कडेवरून हळूहळू बोट फिरवलं. मग ट्रंकेतून एक जुनी भाकरी काढून तिच्याशेजारी ठेवली. आणि एकदम आपल्या बोलीवर आला.

"अप्पा, अव्वाच्या हाताला काय झालंय?"

मी म्हटलं, कुटं काय, सगळं क्षेम हाय की.

"ह्या भाकरी अव्वाच्या न्हाईत. मागच्याबी नव्हत्या. तुमी लिवताय सगळं क्षेम हाय. मग मी काय लिवू?"

तुमच्या बहिणीची उजवी करंगळी वाकडी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. लहानपणी ती दारात सापडली तेव्हा दार तुम्हीच लावत होतात. त्या करंगळीनं तिच्या भाकरीच्या कडेला बारीक खळ्या पडतात, आणि भाकरी कडक झाली की त्या तशाच राहतात. इतकी वर्षं मी त्या खातोय, मला कधी दिसल्या नाहीत. गाठोड्यातल्या भाकरी होत्या शेजारच्या मायाक्काच्या. चांगल्या गोल, कडेला साफ. (आमच्या घरच्यांपेक्षा सुबक होत्या, हे घरी बोलू नका.) कारण गूळ काढताना तुमची बहीण गुरम्मा स्टुलावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. पोराच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून कळवायचं नाही, असं तिनंच ठरवलं. (मेहुणे, हे वाचून तुम्ही उठून उभे राहिला असाल. बसा. हाड जुळत आलंय.)

मी सगळं सांगून टाकलं. शिवयोगी रडला, मीही रडलो. मग दोघांनी मायाक्काच्या भाकरी खाल्ल्या. अव्वाची तेवढी त्यानं परत ट्रंकेत ठेवली. कॉलेजात एकावरून दुसरं ताडायला शिकवतात ते मला तेव्हा कळलं, आणि अमक्याबद्दलचं माझं मत मी मागं घेतलं.

घरी आलो तेव्हा गुरम्मा आधी रागावली. मग जवळ येऊन विचारलं, बोट कसं फिरवलं म्हणे त्यानं? मी दाखवलं. जेवताना परत दाखवायला लावलं.

मुलांना आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना शरणार्थ, आणि आपला जीव आमच्यावर आहे तसाच असू द्यावा.

आपला,
गुरुसिद्धप्पा

ता. क. — बहिणीला भेटून जा. ती बोलावणार नाही, पण गाडीच्या वेळेला दारात येऊन उभी राहते.

आणखी एक — खरं म्हणजे पत्र ह्याचसाठी लिहायला घेतलं होतं. हाताचं सासूबाईंना कळू देऊ नये, अशी गुरम्माची ताकीद आहे. म्हातारपणी जिवाला घोर नको. पण गेल्या अमावास्येला तुमच्याकडे गाठोडं धाडलं, त्यातल्या भाकरीही मायाक्काच्याच होत्या. वाकड्या करंगळीच्या पोरीला भाकरी थापायला शिकवलं ते सासूबाईंनी. तेव्हा उलट टपाली एवढंच कळवा, त्या भाकरी त्यांनी दुधात कुस्करून खाल्ल्या, की कड बघून अजून तशाच ठेवल्यात?