कॉलरमधलं सातवं नाव

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
कुवाबाराकाका आज बोलले एकदाचे! "सत्तरी झाली. गुडघे ऐकत नाहीत. सणाला जॅकेट उतरवतो." आमच्या बचाव पथकात लाल जॅकेटवाले नऊच. तेच कड्यावर चढतात. आम्ही निळे खाली दोर धरून उभे. लाल विकत मिळत नाही, अंगावरून अंगावर जातं. चौदा वर्षं झाली मला निळ्यात. आता माझ्याशिवाय देणार तरी कुणाला?

रविवार, १२ ऑक्टोबर
नात्सुहोला दिलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर
काल लिहवेना. देवळाच्या अंगणात, सगळ्या गावासमोर — नात्सुहोला! सहा वर्षांपूर्वी ओसाकाहून आमच्या पथकात आली तेव्हा अंगावर चकचकीत पिवळं जॅकेट, किमतीची चिठ्ठी तेवढी काढलेली. किती हसलो होतो आम्ही! नवंकोरं पाहुण्यांनी घालावं. आमची सगळी विटलेली, ठिगळांची. पाठमोऱ्या माणसाचं ठिगळ बघून घर ओळखतो आम्ही. तिला ठिगळ लावायला मीच शिकवलं. चुकलं माझं.

बायका म्हणाल्या, "शोभतंय हो पोरीला!" शोभतंय म्हणे! खांद्यावरून ओघळत होतं. घरी आले तर योशिनारी म्हणतो, "जाऊ दे, सूप गार होतंय." माझ्या जिवाची आग होतेय आणि नवऱ्याला सूप!

गुरुवार, १६ ऑक्टोबर
ती जॅकेट घेऊन दुकानात आली. गावाची शिवणवाली मीच ना — कॉलरच्या आत नव्या माणसाचं नाव मीच टाकायचं. आत सहा नावं आहेत. चौथं माझ्या बाबांचं. ह्याच जॅकेटात त्यांना कड्यावरून खाली आणलं होतं, चादरीनं झाकून.

"ताई, माझं नाव तुझ्या बाबांच्या नावापासून जरा लांब घाल हं. लाज वाटते मला." इतकं गोड बोलली, की कानाखाली द्यावीशी वाटली.

शनिवार, १८ ऑक्टोबर
नाव टाकलं. टाके नेहमीसारखे सरळ. डाव्या खांद्याला शिवणीवरची पट्टी आतून सुटत आली होती. पाणी तिथूनच शिरणार. इस्त्री तापलेली होती, दाबली की पट्टी चिकटते. दोन मिनिटांचं काम.

नाही केलं.

रविवार, १९ ऑक्टोबर
बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय!

सोमवार, २७ ऑक्टोबर
सकाळपासून ओला बर्फ. उत्तरेच्या कड्यावर एक म्हातारा अडकला. नात्सुहो वर, मी खाली दोर धरून. पाच तास. म्हातारा वाचला, पण तिलाच धरून उतरवावं लागलं. ओठ निळे, डावी बाजू चिंब, दातखीळ बसायची बाकी. कुवाबाराकाकांनी तिच्या खांद्याची पट्टी चाचपली आणि ओरडले, "हे कुणी तपासलं?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मीच घाई केली, काका. ताई थांब म्हणत होती."

असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आणि तिला ते ठाऊक होतं. पट्टी सुटलीये हेही ठाऊक असेल का? विचारायचं धाडस नाही माझ्यात.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
पट्टी बसवली. सगळ्या शिवणी पुन्हा दाबल्या. जॅकेट तिच्या दारात ठेवून तडक काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. जळत होते म्हणून केलं, म्हटलं. माझं निळं जॅकेट घडी करून त्यांच्यापुढे ठेवलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. लोणच्याची वाटी नुसती इकडून तिकडे सरकवत बसले. मग म्हणाले, "पहिलं नाव तुझंच घेतलं होतं गं मी. मग तुझा नवरा आला. चटईला कपाळ टेकवून बसला. 'सासरे त्यातच गेले, तिला नका देऊ.' उठेचना. काय करणार मी?"

बुधवार, २९ ऑक्टोबर
योशिनारीला विचारलं. "हो, गेलो होतो. पुढच्या खेपेलाही जाईन." वीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्यानं कधी बोलला नव्हता.

आज मी त्याचं ताट वाढलं नाही.