भर गर्दीत शटर ओढणारी मावशी

मंगळवार, संध्याकाळ. बार्बाडोस.

आज जहाजाच्या लाँड्रीतून सुट्टी मिळाली, खाली उतरलो, आणि तेव्हापासून डोकं नुसतं पळतंय. बंदराजवळ एक मावशी स्वतःच्या टपरीत मासे तळते. आमच्या जहाजाचे पाहुणे रांगेत उभे, आणि हिने सरळ शटर ओढलं! जेवायची वेळ झाली म्हणे. मी म्हटलं, "आंटी, जहाज आजच सुटणार." तर म्हणते, "मग जहाजाला सांग ना बाळा, थांब जरा म्हणून." वर मला आत बोलावून आपल्या ताटातला मासा दिला.

देश स्वतंत्र झाला म्हणजे काय, ते मला त्या शटरमध्ये दिसलं. श्रीमंत आहे का ती? काय माहीत, पत्रा तर गंजलाय. पण तिला कामावर बोलावणारा कुणाचा भोंगा नाही. मला आहे. आईलाही आहे, घराजवळच्या इंद्रलोक वसाहतीतल्या पोळीभाजी केंद्रात दुसऱ्याच्या तव्यावर राबते.

उद्या नव्या करारावर सही करायची होती. नाही करणार! वेडेपणा? असू दे. लगेच फोन लावला. तिकडे नवघरला पहाट. "आई, मी येतोय. घरापुढे आपलं स्वतःचं मासे तळायचं दुकान टाकू."

आई म्हणाली, "ये. पन दुपारचा मी झोपनार हाय. गिऱ्हाईक आला तरी उठनार न्हाय."