विनूचे कागद आणि माझं कुंकू

३ नोव्हें., सोम.
घरात आलं : दूध १ लि. ६०, हृदयाच्या गोळ्या ८४०, अंबाबाईला नारळ ३५. अमेरिकेहून विनूचं पाकीट, खर्च त्याचा.
पाकिटात कागद. वीस तारखेच्या ऑपरेशनात माझं बरंवाईट झालं तर जाळायचं नाही. बर्फाहून गार करून तिकडं ठेवायचं, पुढं कधी औषध निघालं की उठवायचं. पैसे पोरानं भरलेत, माझी सही तेवढी हवी.
हे म्हणाले, "पोरगं खुळं झालंय." मग मोरीत जाऊन बराच वेळ पाय धूत बसले.

४, मंगळ.
विनूचा फोन. मी विचारलं, दहावा कसा करणार? कावळा कशाला शिवणार?
"आई, तू गेलेलीच नसशील, मग दहावा कशाचा?" आवाज भरून आला त्याचा.
पण तोवर जीव कुठं थांबायचा? ना इथला, ना तिथला. पूजेला बसले आणि दिवा लावायचाच राहिला.

५, बुध. त्रि. पौर्णिमा
पंचगंगेवर पणती सोडली. दरवर्षीचंच मागणं : यांच्या आधी, कुंकवासकट.

७, शुक्र.
यांची थोरली बहीण, वन्सं, कोडोलीहून आल्या. दही आणलं. त्यांना कागदाचं सांगितलं, वाटलं हसतील.
"व्हतंय की, शालन! जनावरांचा डॉक्टर येतोय न्हवं, त्याच्या धुराच्या डब्यात रेड्याच्या बीजाच्या गार कांड्या असत्यात. रेडा कवाच मेला, तरी आमच्या म्हशीला रेडी झाली. तीच आता दुभती हाय. तू खातीयास ते दही तिचंच."
हे म्हणाले, "अक्का, कांडी आणि माणूस एकच व्हय?"
"ते मला काय ठावं? ल्योकाला इचार."
मी दह्याची वाटी खाली ठेवली. हे होणारच नाही, हाच तर धीर होता आजवर.

८, शनि.
भाकरी थापताना उमगलं. हिरवं नेसवून, ओटी भरून, मळवट भरून मला पाठवतील. उठवतील तेव्हा हे नसणार. सवाष्ण गेलेली मी विधवा होऊन उठणार. तिथं, परक्यांत. भाकरी करपली.
म्हटलं, तुम्ही पण सही करा.
"मला न्हाय त्या डब्यात जायचं. मला पंचगंगेला न्यायचं." मग म्हणाले, "उठलीस की च्या कुणाला ठेवशील गं?"
चेष्टाच केली. पण हसले नाहीत.

१०, सोम.
छातीत परत कळ. सही केली नाही तर पोर जन्मभर म्हणेल, आईला हातानं जाळलं. केली तर...
कागद देव्हाऱ्याखालीच. पेनही तिथंच.

११, मंगळ.
फोनवर तो रडतो आणि माझं विचारायचं राहतं. म्हणून पत्र लिहिलं. हे म्हणतात, "पत्र पोचंस्तोवर तू ऑपरेशन करून घरी आलेली असशील." देवी करो.
लिहिलं ते असं :
"चि. विनू, अ. आ. तुझे कागद पोचले. सही अजून केलेली नाही, रागावू नकोस. मला कुंकू लावून ठेवतील, ते उठवल्यावर पुसतील की राहू देतील, त्या लोकांना विचार. डोळे उघडतील तेव्हा आई म्हणणारं कोण असेल, तेही विचार. ऑपरेशन वीसला आहे. उलट टपाली कळव."