चार काट्यांचा भाला

निलंगा, ३ एप्रिल १९८३, रविवार
आज नशीब उघडलं. लातूरच्या नव्या जिल्हा ऑफिसातले मोठे साहेब तळ्याच्या पाहणीला आले होते. माणूस मालवणकडचा. तळं आटून मध्ये डबकं उरलंय, त्यात मासे उसळताना बघून साहेबांचा चेहरा खुलला. म्हणाले, बाजारच्या मासळीत राम नाही, भाल्यानं मारलेला मासा पाहिजे, आहे का इथं कुणी? आमच्या ऑफिसातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हणालो, मी मारतो सर. साहेब खूश. महिनाअखेरच्या दौऱ्यात बघूच, म्हणाले. लातूरच्या रिकाम्या जागा तेच भरणार आहेत.

म्हणजे माझी बदली झाली. बदली झाली की शरणम्मा आली. इथं पाण्याचे हाल, म्हणून ती शिवरात्रीनंतर लातूरला माहेरी गेलीय.

अडचण एकच. आम्ही लिंगायत. आमच्या घराण्यात मासा कुणी हातात धरलेला नाही. पण मारणं वेगळं, खाणं वेगळं.

संकल्प : उद्यापासून रोज व्यायाम. टँकरचं पाणीही स्वतःच भरायचं.

५ एप्रिल
व्यायाम राहिला. पाणी शेजारच्या नीलाबाईंनी भरलं. उद्यापासून नक्की.

दगडोबा लोहाराकडे गेलो. किती काटे, म्हणाला. तीन काटे म्हणजे त्रिशूळ. महादेवाचं शस्त्र माशाच्या पोटात घालायचं? पाच म्हणजे पंचाक्षरी मंत्र. तेही नको. दोन काट्यांत मासा निसटेल. मी चार सांगितले. दगडोबा म्हणाला, आप्पा, ह्यो भाला न्हाई, शेण वढायचं दाताळं होऊन राहिलं. त्याला धर्मातलं काय कळतंय.

काट्यांना उलटे आकडे काढू का, मंजी मासा सुटत न्हाई, असंही म्हणाला. मी साफ नकार दिला. माशाला किती दुखेल!

८ एप्रिल
भाला आला. ऑफिसचा शिपाई शेषेराव बघून म्हणाला, लई जोरदार हाय. तो माझ्या प्रत्येक गोष्टीला जोरदार म्हणतो. हुशार माणूस आहे.

शरणम्माला पत्र टाकलं. बदलीचं नक्की, सामान बांधायला ये.

१२ एप्रिल, सकाळ
बादलीत पाणी, पाण्यात बटाटा, अशी प्रॅक्टिस चालू. भाल्यात डिफेक्ट. पाण्यात घातला की दांडा वाकतो. दगडोबाकडे जाऊन त्याला झापलं. त्यानं भाला बाहेर काढून दाखवला. सरळ. हौदात घातला. वाकडा. त्यानं कपाळाला हात लावला. लोखंडच हलकं वापरलं असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बटाटा वाचला. बादलीला चार भोकं. शरणम्माची आवडती निळी बादली होती. शिवाय दोन दिवसांचं पाणी गेलं. नीलाबाई म्हणाल्या, सरनम्मा उगं न्हाई गेली. कशाचा संबंध कशाला जोडतात!

१९ एप्रिल
मासा अवघड, म्हणून आधी बेडूक. शेषेरावनं मळ्यातल्या डबक्याकाठी एक दाखवला. श्वास रोखून मारला. भाला चिखलात घट्ट रुतला. बेडूक दुसऱ्या आणि तिसऱ्या काट्याच्या मध्ये, जागच्या जागी. चार काट्यांना मधला काटाच नसतो, हे आज लक्षात आलं. तीन किंवा पाच असते तर बिचारा मेला असता. निर्णय किती योग्य होता बघा.

शेषेराव म्हणाला, जोरदार.

२४ एप्रिल
मेहुणा विरूपाक्ष कामानिमित्त आला होता. निरोप आणला : अक्का म्हणती, बदलीचं बघा तुमचं तुम्ही. लातुरातही नळ आठ दिवसांनी येतो म्हणाला, अक्का टँकरच्या रांगेत असती. मग ती तिथं का राहून राहिलीय, कळलं नाही. माहेरची हवा मानवत असेल.

पाणी अजून नीलाबाईच भरतात. एक तारखेपासून मी.

३० एप्रिल, शनिवार


साहेब सकाळीच आले. बांधावर खुर्ची टाकून बसले. मी धोतर खोचून डबक्यात उतरलो. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. देवासमोर हिंसा कशी करायची? म्हणून डबी पाठीवर फिरवली. देवाला दिसायला नको.

पहिला वार, पाणी. दुसरा वार, पाणी. तिसरा एका मोठ्या माशाला लागला. खरंच लागला! उचलला तर आकडे नसल्यामुळे तो अलगद सुटून गेला. चौथ्यासाठी खाली वाकलो. पाठीवरची डबी मानेवरून घसरली आणि दोऱ्यासकट पाण्यात गेली.

लिंग गेलं. आजोबांनी बांधलेलं. पूजेशिवाय मी कधी घास तोंडात घातलेला नाही. साहेब, मासे, लातूर, सगळं विसरलो. भाला आडवा करून चिखल ओढायला लागलो. दाताळं म्हणाला होता दगडोबा. ओढत राहिलो. बांधावरून साहेब ओरडले, सोडू नका! शेवटी एका काट्यात दोरा अडकून वर आला, खाली डबी लोंबत होती. मी ती छातीशी धरली आणि पाण्यातच उभा राहून रडलो. लाज वाटली नाही.

डबी मुठीत लपवून वर आलो. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. मोठा मासा सुटला की असंच होतं, म्हणाले. शेषेरावकडे वळून म्हणाले, ह्याला म्हणतात आवड. डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या! शेषेराव म्हणाला, जोरदार साहेब.

घरी येऊन डबी धुतली, पूजा केली, मग जेवलो.

१० मे
बदलीचा आदेश आला. लातूर नाही. धर्माबादजवळचं मत्स्यबीज केंद्र. शेरा : मासेमारीची विशेष आवड.

तो दुसरा जिल्हा. लातूर तिथून आणखी लांब. पण गोदावरी जवळ. पाणीच पाणी. शरणम्माला पाणीच तर हवं होतं! उद्या स्वतः जाऊन सांगतो.

लातूर, ११ मे
एसटीतून उतरून थेट सासुरवाडीला. ती घरी नव्हती. टँकरच्या रांगेत सापडली. तिच्या मागं उभा राहून सगळं सांगितलं. धर्माबाद, गोदावरी, पाणीच पाणी.

ती म्हणाली, पान्यासाठी आले व्हते का मी? निलंग्यात बी रांग व्हती, इथं बी रांग हाय. तिथं दोन्ही घागरी मीच आनत व्हते. तुम्ही रोज उद्यापासून म्हनायचे. इथं दुसरी घागर भाऊ उचलतो.

तेवढ्यात तिचा नंबर आला, घागर भरली. तिची भरलेली घागर मी खांद्यावर घ्यायला गेलो. निम्मं पाणी अंगावर सांडलं. रांगेतल्या बायका ओरडल्या.

तिनं घागर माझ्या हातातून घेतली. मग एवढंच विचारलं, धर्माबादच्या घरापासून नदी किती लांब हाय?

मला माहीत नव्हतं. बघून सांगतो, म्हणालो.

ती निम्मी घागर घेऊन रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.